रिपब्लिकनला मत म्हणजे वर्णद्वेषाला मत? काहीच्या काही!

एडिसनकर
परवा एका मित्राकडे पॉटलक होतं. पावभाजी आटोपून चहा आला आणि सवयीप्रमाणे गाडी इलेक्शनवर घसरली. मी म्हटलं, आमच्या शेजारच्या गोऱ्या आजोबांनी २००८ ला ओबामाला मत दिलं आणि २०१६ ला ट्रम्पला, दोन्ही वेळा लॉनवर पाटी लावून. तर मित्राची कॉलेजातली मुलगी ताडकन म्हणाली, "काका, मग ते रेसिस्टच, त्यात बोलायचं काय?" सगळे हसले, मीही हसलो, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

आता मला सांगा, आयोवात हॉवर्ड नावाची एक काउंटी आहे, मका आणि डुकरं, बाकी फार काही नाही. तिने २०१२ ला ओबामाला वीस टक्क्यांच्या वर लीड दिलं आणि २०१६ ला ट्रम्पलाही वीसच्या वर. अख्ख्या देशात असं करणारी ही एकटीच. चार वर्षांत काय, माणसं बदलली तिथली? टेक्सासच्या बॉर्डरवरची स्टार काउंटी, जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची, २०१६ ला हिलरीला ७९ टक्के आणि २०२४ ला तिथे ट्रम्प जिंकला, १८९२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन. हे पण गोरे वर्चस्ववादी का?

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण साउथ कॅरोलायनाचं. २०१० ची रिपब्लिकन प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक. टिम स्कॉट या काळ्या उमेदवाराने पॉल थर्मंडला पाडलं. हा पॉल म्हणजे स्ट्रॉम थर्मंडचा मुलगा, ज्या थर्मंडने १९४८ ला काळे-गोरे वेगळेच राहिले पाहिजेत म्हणून पक्षातून फुटून प्रेसिडेंटची निवडणूक लढवली होती. त्याच्या पोराला रिपब्लिकन मतदारांनीच घरी बसवलं. यावर काय म्हणणं आहे?

बखरकार
थर्मंडची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो फुटला तो डेमोक्रॅट पक्षातून, आणि सप्टेंबर १९६४ मध्ये रिपब्लिकन झाला. का झाला? दोनच महिन्यांपूर्वी डेमोक्रॅट प्रेसिडेंट जॉन्सनने वंशभेदाला बंदी घालणाऱ्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टवर सही केली होती.

मिसिसिपीचे दोन आकडे बघा. १९३६ ला डेमोक्रॅट रूझवेल्टला ९७ टक्के. १९६४ ला रिपब्लिकन गोल्डवॉटरला ८७ टक्के. दोन्ही वेळा मत देणारे बहुतेक सगळे गोरेच, कारण काळ्यांना मतदार यादीत येऊच देत नव्हते. गोल्डवॉटर त्या साली सहाच राज्यं जिंकला, एक त्याचं स्वतःचं अ‍ॅरिझोना आणि पाच खोल दक्षिणेतली. त्या पाच राज्यांना एकाएकी बजेट आणि टॅक्सचं प्रेम आलं असं म्हणायचंय का तुम्हाला? त्याने सेनेटमध्ये त्या कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं, विषय संपला. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या याच रागावर निक्सनपासून पुढे स्ट्रॅटेजी आखली गेली. मी म्हणतोय म्हणून नाही, २००५ ला रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्ष केन मेलमन स्वतः कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या अधिवेशनात जाऊन म्हणाला की आम्ही चुकलो. चोर स्वतः कबूल करतोय आणि तुम्ही वकीलपत्र घेताय!

ढब्बू_मिरची
पॉपकॉर्न घेऊन बसलेय 🍿

टेक्सासचा_तात्या
बखरकार, मग पूर्ण बखर वाचा की राव. १९६४ च्या त्याच कायद्याला सेनेटमधल्या ३३ पैकी २७ रिपब्लिकनांनी होकार दिला, नकार दिला त्यात २१ डेमोक्रॅट. रॉबर्ट बर्डने कायदा अडवायला १४ तासांहून जास्त भाषण ठोकलं, हा बर्ड तरुणपणी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेत होता, नंतर माफी मागितली हे मान्य, पण २०१० ला वारला तो डेमोक्रॅट सेनेटर म्हणूनच. आणि त्याच्याच वेस्ट व्हर्जिनियात २०१२ ला ओबामाच्या विरोधात डेमोक्रॅट प्रायमरीला कोण उभा होता माहितीये का, टेक्सासच्या तुरुंगात शिक्षा भोगणारा एक कैदी. त्याला ४१ टक्के मतं पडली, डेमोक्रॅट मतदारांची बरं का.

शिवाय हे सगळं दक्षिणेचंच पाप असं दाखवायचं हीसुद्धा एक गंमत आहे. १९७४ ला बोस्टनमध्ये काळ्या मुलांना बसने गोऱ्या वस्तीतल्या शाळेत न्यायचा कोर्टाचा हुकूम झाला तेव्हा शाळेच्या बसवर दगड मारणारे कुठले होते? डेमोक्रॅट केनेडींच्या गावचे.

बखरकार
वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणी बंद पडत होत्या आणि लोकांचा राग ओबामाच्या पर्यावरण नियमांवर होता. प्रत्येक मत वर्णद्वेषाचंच असतं असं नाही.

टेक्सासचा_तात्या
अहो हेच तर धागालेखक पहिल्यापासून सांगतायत 😂😂 आला ना उंट पहाडाखाली!

बखरकार
आलो, मान्य. पण मी मतदाराबद्दल बोलतच नव्हतो, पक्षाबद्दल बोलत होतो. मतदाराच्या मनात दहा गोष्टी असतात, पक्ष त्यातल्या कुठल्या गोष्टीला फुंकर घालतो ते बघायचं.

मृण्मयी
मला या विषयात वेगळंच सांगायचंय. इथले अभ्यासक गोऱ्यांच्या मनातला पूर्वग्रह मोजायला सर्व्हेत बरेचदा एक वाक्य देतात आणि सहमत आहात का विचारतात. वाक्य साधारण असं, की आयरिश, इटालियन, ज्यू अशा कितीतरी लोकांनी भेदभाव सोसून कष्टाने वर येऊन दाखवलं, काळ्यांनीही खास सवलतींशिवाय तसंच करावं. आता हे वाक्य मराठी मंडळाच्या कुठल्याही पिकनिकला मोठ्याने वाचा. "आम्ही दोन बॅगा आणि खिशात आठ डॉलर घेऊन आलो, आम्हाला कोणी दिलं रिझर्व्हेशन?" पहिल्या पाच मिनिटांत. माझे सासरेही हेच म्हणतात, आणि ते पक्के डेमोक्रॅट आहेत.

या प्रश्नावर टीकाही आहे, की स्वकष्टावर विश्वास असणं आणि द्वेष असणं यात तो गल्लत करतो. ती मला निम्मी पटते. उरलेली निम्मी पटत नाही कारण दोन बॅगा घेऊन येता आलं ते १९६५ च्या कायद्यामुळे. त्याआधी अख्ख्या भारताचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता, तोही १९४६ पासून. १९६५ चा कायदा त्याच नागरी हक्कांच्या लाटेत पास झाला. काळ्यांनी मार खाल्ला आणि दार आपल्याला उघडलं.

एडिसनकर
मृण्मयी, इतिहास मान्य आहे, पण म्हणून आयुष्यभर एकाच पक्षाला मत द्यायचं हा कुठला न्याय? कॅलिफोर्नियाचं घ्या. २०२० ला बायडनला ६३ टक्के, आणि त्याच बॅलटवर वंश बघून प्रवेशात, नोकरीत झुकतं माप देणारी अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन परत आणायचा प्रस्ताव होता तो ५७ टक्क्यांनी आपटला. म्हणजे लाखो डेमोक्रॅट मतदारांनी नाही म्हटलं. त्यांना कोणी रेसिस्ट म्हणत नाही.

मृण्मयी
मी म्हणते की थोडंथोडं 🙂 आणि एका पक्षाला मत द्या असं मी कुठे लिहिलंय?

अवांतर: १९२३ ला भगतसिंग थिंडने इथल्या सुप्रीम कोर्टात सांगितलं, मी उच्चवर्णीय आर्य आहे, म्हणजे गोराच, मला नागरिकत्व द्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचा गणवेश घातलेला माणूस. कोर्ट म्हणालं, तू गोरा नाहीस. आपल्यातल्या बऱ्याच जणांची ती केस अजून चालू आहे.

सदाशिव_पेठी
तिकडचं सोडा, इथे आमदारकीचं तिकीटच जात बघून मिळतं त्याचं बोला.

ढब्बू_मिरची
पेठी, त्याचे शंभर धागे आहेत, एकशेएकावा तुम्ही काढा. बाकी जातीचा विषय अमेरिकेत पण पोचलाय, सिअ‍ॅटलने २०२३ ला जातिभेदाविरुद्ध नियम केला तो मांडणारी क्षमा सावंत जन्माने पुण्याचीच.

मिशिगनवाला
आमच्याकडची गंमत ऐका. डेट्रॉइट, बहुसंख्य काळ्यांचं शहर. २०२२ ला तिथून निवडून गेले आपले बेळगावचे श्री ठाणेदार, डेमोक्रॅट. जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा कोणी काळा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये राहिला नाही. मंडळात पेढे वाटले. ऑफिसातला माझा काळा सहकारी मात्र म्हणाला, तुम्हा लोकांना राहायला आमची वस्ती नको, सीट मात्र हवी. मला तेव्हा राग आला. नंतर मोजलं तर माझ्या ओळखीच्या चाळीसेक मराठी कुटुंबांतलं एकही शहराच्या हद्दीत राहत नाही, सगळे नोव्हाय, ट्रॉय, कॅन्टन अशा बाहेरच्या उपनगरांत. आम्ही सगळे "चांगली शाळा बघून" घर घेतलं. आणि घरात टीव्हीवर बास्केटबॉल लागलं की कल्लू शब्द कोणाच्या तोंडात येतो तेही इथे लिहायची गरज नाही.

टेक्सासचा_तात्या
शाळा बघणं पण गुन्हा झाला का आता? मुलांचं भविष्य बघायचं नाही?

मिशिगनवाला
गुन्हा म्हटलं नाही तात्या. एजंट पण "शाळा" एवढंच म्हणाला होता, मला बरोबर कळलं, एवढंच.

एडिसनकर
हे वाचून बायकोला हाक मारली. आम्ही २०११ ला घर बघत होतो तेव्हा एक घर मोठं होतं, वर चाळीस हजारांनी स्वस्त, आणि शाळेचं रेटिंग १० पैकी ८. आम्ही ९ वाल्याच्या बाजूला घेतलं. माझ्या डोक्यात इतकी वर्षं ते एका पॉइंटचंच होतं. ती म्हणते की शाळा सुटायच्या वेळेला आपण गाडीत बसून गेटवरून बाहेर येणारी मुलं बघत होतो, आणि तूच म्हणालास, चल, दुसरं बघू. मला हे खरंच आठवत नाहीये.

ढब्बू_मिरची
वहिनींना आयडी काढून द्या.