संत्र्याच्या युनिटमधले सिलिकॉन गॅस्केट फुगून राहिले, दुसरं काय लावू? आणि बाबांच्या कॅथेटरबद्दलही विचारायचंय

संत्रावाला_कळमेश्वर:
नमस्कार मंडळी. कळमेश्वर रोडला आमचं छोटं युनिट आहे, संत्र्याचा रस काढून स्क्वॅश भरतो, घरचे धरून सहा जण. मृगाचं फळ जोरात सुरू आहे आणि नेमके आताच पाइपच्या जोडाचे पांढरे टीसी (ट्राय-क्लॅम्प, म्हणजे क्लॅम्पनं आवळायच्या जोडाचे) गॅस्केट फुगून राहिले, क्लॅम्प खोलला की परत खाचेत बसतच नाही, बोटानं दाबलं तर लिबलिबीत लागतं. दोन महिन्यांत तीनदा बदलले. दुकानदार म्हणतो सिलिकॉन २०० डिग्री सहन करतं, तुमचा रस ९० च्या वर जात नाही, मग माल खराब कसा?
दुसरं असं की बाबांना प्रोस्टेटमुळे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावलंय, डॉक्टर म्हणाले लॅटेक्सपेक्षा पूर्ण सिलिकॉनचं लावू, जास्त दिवस चालतं, मी हो म्हटलं. पण दिवसभर हे फुगलेले गॅस्केट पाहतो आणि रात्री झोप येत नाही. हेच आत फुगलं तर?

बुटीबोरी_मेंटेनन्स:
भाऊ, सगळ्याच जोडांवर फुगतात का? गरम पाण्याच्या लाइनीतले कसे आहेत?

संत्रावाला_कळमेश्वर:
तुम्ही विचारल्यावर जाऊन पाहिलं. गरम पाण्याचे वर्षभरापासून ठणठणीत आहेत, त्याच पाकिटातले. फुगतात ते एक्स्ट्रॅक्टरच्या पुढचे पहिले तीन-चार.

बुटीबोरी_मेंटेनन्स:
मग माल खराब नाही, जागा चुकली. तिथं रसासोबत सालीचं तेल येते, त्यात बहुतेक लिमोनीन असतं, आणि ते सिलिकॉनमध्ये सरळ मुरतं. दुकानदार तापमानाचं बोलला ते खरंच आहे, पण किती तापतं आणि कशात बुडतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पेट्रोल-डिझेलच्या लाइनीवरही म्हणूनच साधं सिलिकॉन लावत नाही. आता तो तुम्हाला काळं ईपीडीएम रबर देईल, वाफेला आणि कॉस्टिक सोड्याला ते छान आहे पण तेलात तेही फुगते, घेऊ नका. त्या तीन-चार जोडांना विटॉन (फ्लोरिनवालं, तेलात टिकणारं रबर) लावा, फूड ग्रेड लिहून मागा. फक्त सीआयपीला (लाइन न खोलता आतून धुताना) गरम कॉस्टिक फिरवत असाल तर साधं विटॉन हळूहळू कडक पडतं, तिथं टेफ्लॉनचं आवरण असलेलं गॅस्केट घ्या, थोडं कडक बसते म्हणून क्लॅम्प नीट आवळावा लागतो. बाकी लाइनीतलं सिलिकॉन काढायची गरज नाही.

पॉलिमरवाली_प्रतापनगर:
दादा, मोठी ऑर्डर द्यायच्या आधी घरीच तपासा. सोनाराच्या काट्यावर गॅस्केटचा तुकडा मोजा, सालीच्या तेलात तीन दिवस बुडवून ठेवा, पुसून परत मोजा. आणि फुगलेलं गॅस्केट उन्हात टाकलं की तेल उडून ते पुन्हा आकसतं, आपल्याकडच्या उन्हात तर लवकरच, पण म्हणून परत लावू नका, सिलिकॉन फाटायला मुळातच कमजोर असतं, फुगून आलेलं तर आणखीच. काही लोक खरं सिलिकॉन ओळखायला तुकडा जाळून पांढरी राख पडते का ते पाहतात, तसं होतं खरं, पण विटॉनचा तुकडा चुकूनही जाळू नका, त्यातून हायड्रोजन फ्लोराइडचा फार विषारी धूर निघतो.

बाबांचं म्हणाल तर लघवी म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, आणि सिलिकॉन पाण्याला जवळ करत नाही. तेलात फुगणारी वस्तू पाण्यात तशी फुगत नाही. या रबराच्या साखळीत सिलिकॉन नावाच्याच मूलद्रव्याचे आणि ऑक्सिजनचे अणू एकाआड एक असतात, जोड पक्का पण साखळी फार सैल आणि लवचीक, म्हणून थंडीतही ते मऊ राहतं आणि तेलासारखे रेणू आत घुसू शकतात. शरीरात ते १९५० च्या दशकापासून आहे. फिलाडेल्फियाकडचे जॉन होल्टर कारखान्यात काम करणारे, त्यांच्या बाळाच्या डोक्यात पाणी साठायचं, त्यांनी त्यासाठी सिलिकॉनची झडप बनवली आणि १९५६ मध्ये ती पहिल्यांदा बसवली गेली. तुमचं वाचताना मला तेच आठवलं, वर्कशॉपमधला माणूस, चिंता घरच्याची.

धंतोली_सिस्टर:
मी वॉर्डात रोज हे कॅथेटर बघते म्हणून लिहिते. लॅटेक्सपेक्षा सिलिकॉनची भिंत पातळ असते, बाहेरून तोच नंबर असला तरी आतली वाट मोठी मिळते, आणि क्षारही सावकाश बसतात. साधारण १२ आठवड्यांपर्यंत ठेवतात, पण बाबांची तारीख डॉक्टरच ठरवतील. एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. नळी आत अडकून राहावी म्हणून तिच्या टोकाला असलेल्या फुग्यात पाणी भरलेलं असतं आणि रबर पाण्यानं फुगत नसलं तरी ताई म्हणाल्या त्या सैल साखळ्यांमधूनच ते थोडं थोडं झिरपून कमी होतं, फुगा लहान झाला की नळी सरकून बाहेर येऊ शकते. म्हणून सिस्टरला पाणी किती उरलंय ते मधूनमधून मोजायला सांगा, स्वतः करू नका. त्यात निर्जंतुक पाणीच भरायचं, सलाइन भरलं तर मिठाचे खडे होऊन फुग्याची बारीक वाट बुजते आणि काढताना फुगा रिकामाच होत नाही. ताप, रक्त, किंवा पिशवीत लघवी येणं बंद, यातलं काहीही झालं तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

संत्रावाला_कळमेश्वर:
मंडळी, केलं सगळं. सिलिकॉनचा ४ ग्रॅमचा तुकडा तीन दिवसांत ६ च्या वर गेला, विटॉनचा काटा हलला न हलला. पहिल्या चार जोडांना आजच बदलले, कॉस्टिक आम्ही थंडच फिरवतो म्हणून विटॉनच घेतलं. आणि काल सिस्टर घरी आल्या, फुग्यात १० मिली भरलं होतं ते ८ च निघालं, परत १० भरून दिलं, बाबा निवांत झोपले. आता एकच, दीड इंची टीसीचं फूड ग्रेड विटॉन इतवारीत दहाच नग मिळाले, हिंगण्याकडे कोणी ठेवतं का?