गायीच्या मालकाला दंड, मग नळाच्या लाइनीला थेट मोटर लावणाऱ्याला का नाही?

दांडियाबझारकर
बडोद्यात सूरसागर तलावाजवळ आईला मोकळ्या गायीनं धडक दिली. वय ७४, मनगट मोडलं. गायीच्या कानात टॅग होता, पण त्या क्षणी नंबर कोण टिपणार? पालिकेची ढोरपार्टी, म्हणजे मोकाट गुरं पकडणारं पथक, गाय धरते, मालक पैसे भरून सोडवतो, चार दिवसांनी ती पुन्हा रस्त्यावर. माझं म्हणणं, दंड दर वेळी वाढत जावा आणि तिसऱ्यांदा सापडली तर जनावर परत मिळू नये. २०२२ साली गुजरात विधानसभेनं शहरात गुरं पाळायला परवाना आणि टॅग सक्तीचा करणारं विधेयक मंजूर केलं होतं. मालधाऱ्यांनी, म्हणजे गुरं पाळणाऱ्या समाजानं, विरोध केला, राज्यपालांनी ते परत पाठवलं, सप्टेंबरात ते मागे घेतलं गेलं. त्यातली तुरुंगाची शिक्षा मलाही पटली नव्हती. पण दंड हवाच. आणि तोच न्याय पाण्याच्या लाइनीला थेट मोटर लावणाऱ्यांना. आमच्या पोळीतल्या (गल्लीतल्या) शेवटच्या तीन घरांत बादलीसुद्धा भरत नाही.

वाडीवाली
आईंना लवकर बरं वाटो. पण दादा, गौचर, म्हणजे गुरांचं चराऊ रान, शहरानं गिळलं, गाव शहरात आलं आणि गोठा होता तिथंच राहिला. सकाळचं दूध आपण त्याच गोठ्यातून आणतो. आधी शहराबाहेर गुरांना जागा आणि पाणी द्या, मग पावत्या फाडा.

दांडियाबझारकर
जागा द्यावीच, ताई. पण धार काढून झाली की गाय सोडून द्यायची आणि तिनं उकिरड्यावरचं प्लास्टिक खायचं, यात गायीचं तरी काय भलं?

निझामपुऱ्याचे काका
रस्त्यावर चारा घालणाऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पुण्य म्हणून पेंढी विकत घेऊन आपण तिथंच फूटपाथवर टाकतो. रोज चारा मिळतो तिथं गाय रोज येणारच. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. आता तेवढे पैसे पांजरापोळीत देतो. पहिली पावती चारा घालणाऱ्याची फाडा.

दुसरा मजला
मोटरीबद्दल बोलतो, कारण मी लावतो. पाणी पाऊण तास, दाब एवढा कमी की वर थेंब चढत नाही. शेजारी लावतो म्हणून मला लावावी लागते. दाब वाढवा, मी आजच काढतो.

नळकारागीर
भाऊ, दाब कमी होण्याचं एक मोठं कारण या मोटरीच आहेत. लाइनीतून थेट खेचलं की पाइपात पोकळी होते आणि जुन्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. आजव्याच्या तलावातून, मही नदीतल्या विहिरींतून शुद्ध होऊन आलेलं पाणी आपल्या दारात येऊन नासतं. पोरांना जुलाब होतात ते यातूनही. खाली टाकी ठेवा, लाइनीचं पाणी तिच्यात आपसूक पडू द्या आणि मोटर त्या टाकीवर लावा.

दुसरा मजला
पोळीत अंगणच नाही. टाकी खणू कुठं?

नळकारागीर
खणायला कशाला हवी? जिन्याखाली ५०० लिटरची प्लास्टिकची ठेवा. दोन बिऱ्हाडांत एक अशा मी बसवून दिल्या आहेत.

वाडीवाली
म्हणजे मोटरवाल्याला टाकी बसवायला सवड मिळणार. मग गोठेवाल्याला पहिल्याच दिवशी दंड का? त्यालाही मुदत द्या.

दांडियाबझारकर
गोठा हलवायला मुदत कबूल, ताई. वर्ष घ्या. पण तोवर गाय दाव्याला बांधलेली हवी, आजपासून. आईचं प्लास्टर अजून महिनाभर आहे आणि ती ओटल्यावरून खाली उतरायला घाबरते.