क्रॉस टेबलावर की ड्रॉवरमध्ये?

वाटसरू
ऑफिसात माझ्या टेबलावर छोटा लाकडी क्रॉस असायचा. मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरवर चारचौघांत ओरडलो, तेही फुटकळ चुकीसाठी. तो काही बोलला नाही. त्याची नजर फक्त माझ्यावरून क्रॉसवर गेली आणि खाली वळली. त्या संध्याकाळी मी क्रॉस ड्रॉवरमध्ये ठेवला. आपल्या वागण्यावरून लोक ख्रिस्ताला जोखणार असतील, तर आधी वागणं सुधारावं, मग खूण लावावी. तुम्हाला काय वाटतं?

पहाटवारा
साफ असहमत. दिवा लावून मापाखाली कोणी ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतात (मत्तय ५:१५). सुधारेपर्यंत थांबायचं, तर येशूचा शिष्य पेत्र याने तोंडच उघडलं नसतं. तीनदा प्रभूला नाकारणारा तोच, आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा) जमावासमोर उभा राहिलेलाही तोच.

एकांत
त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, पुढच्याच अध्यायात, येशू बजावतो की लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. फ्रेंच धर्मगुरू शार्ल द फूको सहारात तिथल्या तुआरेग लोकांमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले, तिचा शब्दकोश रचला. १९१६ मध्ये मारले गेले तेव्हा त्यांच्यामुळे ख्रिस्ती झालेले लोक जवळपास नव्हतेच. २०२२ मध्ये त्यांना संत घोषित केलं. वाटसरू, तुम्ही केलंत ते बरोबरच.

पहाटवारा
फूकोंच्या पांढऱ्या झग्यावर छातीशी लाल हृदय आणि क्रॉस होता! लपवलं काहीच नाही. आणि आता कोणीतरी 'सुवार्ता सतत सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा' हे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावरचं वाक्य आणेल, म्हणून आधीच सांगते, त्यांच्या लिखाणात ते सापडत नाही. ते स्वतः गावोगाव प्रवचनं करत फिरले.

जुनी वही
एक मुद्दा राहतोय. दिव्याच्या त्या वचनाच्या लगेच आधी येशू म्हणतो, 'तुम्ही जगाचा प्रकाश आहा; डोंगरावरचं नगर लपत नाही.' यातलं 'तुम्ही' मूळ ग्रीकमध्ये अनेकवचनी आहे. डोंगरावरचं नगर म्हणजे पुष्कळ घरांचे दिवे. उलट, दान करताना डाव्या हाताला कळू देऊ नको, हे 'तू'ला सांगितलंय. वाटसरू, अख्ख्या नगराचा उजेड तुम्ही एकट्याच्या टेबलावर मागताय. मीही वर्षानुवर्षं तेच केलं आणि पार थकले. चर्चच्या मंडळीतल्या कोणाला तरी हे सांगितलंत का?

एकांत
अनेकवचनाचा मुद्दा मान्य. पण त्या पोराला व्याकरण दिसलं नाही, तुमचा आवाज ऐकू आला.

वाटसरू
खरंय, तो आवाज मलाही अजून ऐकू येतोय. मंडळीत कोणाशीच बोललो नाही, लाज वाटली. आज रात्री एका वडीलधाऱ्यांना फोन करतो. सोमवारी त्या मुलाची माफी मागणार, सगळ्यांसमोर, कारण ओरडलोही सगळ्यांसमोर. क्रॉस तूर्त ड्रॉवरमध्येच.

पहाटवारा
माफी जरूर मागा, पण क्रॉस त्याआधी टेबलावर ठेवा. ज्याची नजर त्या दिवशी तिथे गेली होती, त्याला या वेळीही तो तिथेच दिसायला हवा.