नाशिकला पाथर्डी फाट्याला घर, पश्चिमेचं ऊन, मुरमाची जमीन. फुलांची देशी झुडपं कोणती लावू?

राडारोडा_बागवाला
नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीत पाथर्डी फाट्याजवळ रो हाउसमध्ये राहायला आलोय. पुढे कंपाउंडला लागून १८ फूट लांब आणि जेमतेम ४ फूट रुंद पट्टा आहे, बिल्डरने त्यात मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा ढकलून वर चार बोटं लाल माती पसरून दिलीय, त्यालाच गार्डन म्हणायचं. ऊन पश्चिमेचं, दुपारी एकनंतर भिंतीला हात लावून दाखवा. हौसेने तीन गुलाब आणि एक अझेलिया आणला होता, एप्रिल संपायच्या आत चौघांनी राम म्हटला. आता ठरवलंय की इथल्या मातीतलीच झुडपं लावायची. नर्सरीत जाऊन "देशी काही आहे का" विचारलं तर त्याने देशी गुलाब पुढे केला 😅
घरात अडीच वर्षांचं पोरगं आहे, आईला पूजेला फुलं लागतात, रोज पाणी घालणं जमणार नाही. कण्हेर चालेल का? हायवेच्या दुभाजकात तर मस्त फुललेली असते.

गंगापूररोडची_काकू
कण्हेर अजिबात नको. लाल असो की पिवळी, दोन्ही विषारी, आणि अडीच वर्षांचं पोर म्हणजे दिसेल ते तोंडात. पिवळीची ती हिरवी त्रिकोणी फळं तर मुलांना हमखास खेळायला हवी असतात. शिवाय पिवळी मूळची अमेरिकेतली, म्हणजे देशीच्या हिशोबातही बसत नाही.
तुमच्या घरापासून पांडवलेणी केवढी लांब आहे? फेब्रुवारी-मार्चमध्ये आसपासच्या कुठल्याही डोंगरउतारावर एक चक्कर मारा. गवत वाळलेलं, दगड तापलेले आणि त्यात एखादं झुडूप फांदीभर लालभडक नळ्या घेऊन उभं असतं, ती धायटी. तिला कोणी पाणी घालत नाही, माती म्हणाल तर मुरूमच. तुमचा पट्टा तिला माहेरासारखा वाटेल. फुलांत मध भरपूर, त्यामुळे शिंजीर पक्षी सकाळपासून लटकलेले असतात. (आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं टाकतात.) फक्त एक करा, छाटणी फुलं संपल्यावर एप्रिलअखेरीस करा. मी एकदा दिवाळीच्या साफसफाईत छान गोल कापली आणि त्या वर्षी नुसता पाला बघत बसले.

पानफूल_सिन्नर
काकूंना +१, पण दादा आधी खड्डे घ्या. मुरूम राहू दे, त्याने पाणी निचरतं, पण सिमेंटचे गठ्ठे, विटांचे तुकडे, चुना जेवढा निघेल तेवढा काढा. दीड बाय दीड फुटाचा खड्डा, त्यात निघालेला मुरूम, थोडी काळी माती आणि कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती भरू नका, पावसाळ्यात चिकट गोळा होते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं उघडी पडतात. लागवड जुलैमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर.
आमच्या सिन्नरकडे माळावर तरवड असतो, पिवळीधमक फुलं, कमरेच्या वर जातो, पाणी साचलं नाही की झालं. बियांचं कवच कडक असतं, गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेरा. त्याच्या पानांवर सुरवंट दिसले तर फवारा घेऊन धावू नका, त्यांचीच ती फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं होतात. फुलपाखरू पाहिजे आणि सुरवंट नको असं चालत नाही. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर तेही बऱ्याचदा सुरवंटच असतं.
कोरांटीसुद्धा बघा, पिवळीला काटे असतात म्हणून ती गेटपासून लांब, जांभळी बिनकाट्याची. पाऊस सरला की फुलतात.

जुने_नाशिककर
एक प्रामाणिक प्रश्न, देशीचं एवढं सोवळं कशाला? आमच्या वाड्यातला चाफा आजोबांनी लावलेला, आता कळतं की तोही मूळचा अमेरिकेचा. म्हणून काय उपटायचा?
आईंना पूजेला फुलं पाहिजेत हे सगळे विसरलेत. धायटी देवाला वाहिलेली मी तरी बघितली नाही. पारिजातक लावा की! तोही इथलाच, आणि जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालतं असं हे एकच, म्हणजे म्हातारीला फांद्या वाकवायला नकोत. श्रावणापासून सडा सुरू. फक्त त्याला झुडूप समजून भिंतीला चिकटवू नका, दहा-बारा फूट जातो, कोपऱ्यात जागा द्या. आणि सोबत एक तगर, बारा महिने पांढरी फुलं.

गंगापूररोडची_काकू
@जुने_नाशिककर चाफा कोण उपटायला सांगतंय हो, नवीन लावताना विचार करा एवढंच. घाणेरीपण कोणीतरी शोभेची म्हणूनच आणली होती, आता डोंगरच्या डोंगर खाल्लेत तिने.

राडारोडा_बागवाला
सगळ्यांचे आभार 🙏 काल पट्टा खणायला घेतला तर पाच पाट्या विटा आणि एक अख्खी चप्पल निघाली. आईला पारिजातक ऐकूनच पटला, तो उत्तरेच्या कोपऱ्यात. मध्ये दोन धायटी, एक तरवड, पुढे कमी उंचीला जांभळी कोरांटी. तगर कुंडीत बसवतो. पण धायटीचं रोप कुठे मिळेल? डोंगरावरून एखादं उचलून आणलं तर?

पानफूल_सिन्नर
उचलू नका, वनजमिनीतून रोप काढणं गुन्हा आहे, आणि दगडात अडकलेलं मूळ तुटतं, रोप जगतच नाही. वन विभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत जूनमध्ये चौकशी करा, तिथे स्वस्तही मिळतात. जाताना धायटी हेच नाव घ्या, देशी म्हणालात तर परत गुलाब मिळेल. आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी घालाच, डोंगरावरची असली तरी रोप आहे ते.

गंगापूररोडची_काकू
जांभळ्या कोरांटीच्या काड्या माझ्याकडे ढीगभर आहेत, विकत घेऊ नका. पाऊस लागला की मेसेज करा. येताना ओलं गोणपाट आणा, मागच्या वेळी एकजण स्कूटरच्या डिकीत घालून घेऊन गेला आणि घरी पोचेस्तोवर भाजी झाली होती.