मदत हवी आहे : 'रोझॅन' खरंच हसवते का?

परभणीहून विचारायलो. अमेरिकन विनोदी अभिनेत्री रोझॅन बारची 'रोझॅन' ही टीव्ही मालिका बघायला घेतलीय. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर १९८८ ते १९९७ चालली, २०१८ला परत आली अन् रोझॅन बारच्या वर्णद्वेषी ट्विटमुळं त्याच वर्षी बंद झाली. तिचं ते बोलणं मला अजिबात पटत नाही, पण प्रश्न मालिकेचा आहे.

प्लॅस्टिकच्या कारखान्यात राबणारी बाई, थकलेली बिलं, स्वयंपाकघरातली भांडणं. प्रेक्षक खदखदून हसतात तिथं माझ्या पोटात तुटतं. भाकरी थापता थापता मायनं विचारलं, काय चाललंय म्हणून. सांगितलं तर म्हणाली, "तिच्या घरात पैसा नाही, अन् हे हसायलेत कशाला?"

विनोद सबटायटलमध्ये हरवायलाय, का मुळातच कडू आहे? बघितलेल्यांनी सांगा, कुठल्या सीझनपासून बघू?