जुना घडीचा चाकू: गंज काढायचा, पण किती?

दोनपाती:
दोन पात्यांचा जुना घडीचा चाकू आहे. लॉक नाही, पाठीत स्प्रिंग. पाती साध्या कार्बन पोलादाची. मोठ्या पात्यावर निळसर-काळे डाग, सांध्यापाशी लाल गंज. उघडताना करकरतो आणि उघडल्यावर पातं किंचित डावीउजवीकडे हलतं. मूठ पिवळसर, अर्धपारदर्शक, पिनांजवळ बारीक तडे. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून मग बफिंग (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणं) करायचा सल्ला मिळालाय. करू का?

गंजखाऊ:
अजिबात बुडवू नका. व्हिनेगर सांध्यात शिरतं, तिथून पुसता येत नाही आणि आतून नवा गंज धरतो.

निळसर-काळा थर राहू द्या. तो पोलादाला थोडंफार संरक्षणच देतो, आणि जुन्या चाकूची अर्धी शान त्यातच असते. पांढरी चिंधी तेलात भिजवून घासा. चिंधी लालसर झाली तर तेवढाच भाग साफ करायचा. पातळ मिनरल ऑइल आणि शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूल (पोलादी तारांचा लोकरीसारखा गुंता) घ्या, पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासा. खड्डे पडले असतील तर ते घासून जाणार नाहीत, नाद सोडा.

करकर म्हणजे सांध्यातला कचरा. पातं अर्धं उघडून सांध्यात तीन-चार थेंब तेल सोडा, दहा-पंधरा वेळा उघडमीट करा, बाहेर येणारं काळं तेल पुसा. स्वच्छ तेल येईपर्यंत हेच. खाद्यतेल नको, ते वाळून चिकट होतं.

मूठपारखी:
गंजाआधी मूठ बघा. वर्णनावरून सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक वाटतंय. अंगठ्याने जोरात चोळून गरम करा आणि वास घ्या, कापरासारखा आला तर तेच. तापल्या सुईची चाचणी कुठे वाचली असेल तर विसरा, सेल्युलॉइड भसकन पेटतं.

हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून बनतं. जुनं झालं की विघटन होऊन त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात, म्हणून मुठीलगतचं पोलाद आधी गंजतं. तसं असेल तर कितीही तेल घाला, गंज परत येणार. शेजारी ठेवलेल्या चाकूंनाही लागतो. हवेशीर जागी वेगळा ठेवा, बंद डबीत नको. मूठ भुगा होऊ लागली असेल तर बदलणं हाच उपाय.

पाजळणारा:
बफिंगच्या चाकावर कडा क्षणात तापते. पातळ धारेवर निळा रंग चढला की समजा तिथलं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. धार हातानेच लावा: १००० ग्रिटचा दगड, प्रत्येक बाजूला साधारण १५ ते २० अंश. धारेवर काळ्या मार्करची रेघ ओढा आणि दोन-चार फटके मारून बघा. शाई कडेपर्यंत गेली नाही तर कोन कमी पडतोय.

हलणाऱ्या पात्यासाठी, ते ज्यावर फिरतं ती सांध्यातली पिन ठोकावी लागेल. पिन मुठीच्या टोकावरच्या धातूच्या टोपीतून गेली असेल तरच हे करा. खालचं टोक सपाट पोलादावर टेकवा, छोट्या गोलतोंडी हातोडीने दोन-तीन हलके ठोके, मग उघडून बघा. जास्त ठोकलं तर पातं आवळतं आणि सैल करणं फार कठीण. सेल्युलॉइडवर ठोका बसला तर तडा नक्की.

दोनपाती:
कापराचा वास आला! चाकू वेगळा काढला. आणखी एक: लहान पात्याच्या धारेला दर वेळी त्याच जागी खाच पडते.

पाजळणारा:
मिटताना धार आतल्या स्प्रिंगवर आपटतेय. पात्याच्या बुडाशी, धारेच्या बाजूला एक उंचवटा असतो. मिटल्यावर तो स्प्रिंगवर टेकतो आणि धार अधांतरी राहते. तो झिजला किंवा कानशीने घासला गेला की असं होतं. पातं फटकन मिटू देऊ नका, बोटांनी धरून सावकाश बसवा. तरीही टेकत असेल तर खाचेच्या जागी, आत स्प्रिंगवर, चामड्याची पातळ पट्टी बसवा, मात्र चामडं ओल धरतं म्हणून ती आधी तेलात मुरवून घ्या.