स्मॉल कॉपर: जवळ जाताच उडतं, आणि केशरी रंग सपाट येतो

माळवाट:
१०० मिमी मॅक्रो लेन्स, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/४, शटर १/२५० सेकंद, ट्रायपॉडवर. स्मॉल कॉपर हे फुलपाखरू (लायसीना फ्लेअस) टिपताना तीन अडचणी येतात. हातभर अंतरावर गेलं की ते उडतं. एक पंख स्पष्ट, तर दुसरा धूसर. आणि पुढच्या पंखाचा केशरी भाग रंग फासल्यासारखा दिसतो, खवले दिसतच नाहीत. वेळ भर दुपारची. काय बदलू?

चुकापान:
आधी वेळ बदला. सकाळी ऊन अंगावर आलं की ही फुलपाखरं अंग तापवायला पंख पसरून बसतात. तो पहिला तास-दीड तास तुमचा. दुपारी पंख मिटलेले आणि उडायची घाई.

नर उडाला तर मागे धावू नका. उघडी माती, दगड, बुटकं फूल अशी एक जागा तो धरून असतो. तिथून जो किडा जाईल त्याच्यावर झेपावतो आणि बहुतेकदा तिथेच, नाहीतर हात-दोन हातांवर परत बसतो. म्हणून त्या जागेशी खाली बसा, फोकस आधीच लावून ठेवा. तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. शेजारच्या गवताला गुडघा लागला तरी खेळ खलास.

तिरपं_ऊन:
एफ/४ हेच धूसर पंखाचं कारण. पंखांची रुंदी साधारण ३ सेंमी, त्यामुळे फुल-फ्रेम (३६×२४ मिमी) सेन्सरवर १:२ माप, म्हणजे प्रत्यक्षाच्या निम्मी प्रतिमा, पुरेसं. त्या मापाला एफ/८ वर जेमतेम ३ मिमी खोली स्पष्ट येते, १:१ ला तर १ मिमी. एफ/८ ते एफ/११ ठेवा, १/५०० च्या खाली जाऊ नका, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. सेन्सर पंखांना समांतर हवा. पंख अर्धवट उघडे असतील तर दोन्ही एका पातळीत येणारच नाहीत. मग डोळा आणि जवळचा पंख पकडा.

केशरी सपाट होतो कारण लाल चॅनल फुटतो, म्हणजे लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला जाऊन तपशील पुसला जातो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तेव्हाही ठीकच दिसतो, म्हणून लाल-हिरवा-निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम बघा. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, एक्स्पोजर –०.३ ते –०.७.

माळवाट:
उन्हात डिफ्युझर (उजेड मऊ करणारा पडदा) मधे धरला तर?

चुकापान:
त्याचीही सावलीच पडते. एक तर पंख मिटेल, नाहीतर उडेल. पातळ ढग येईपर्यंत थांबा, किंवा कमी ताकदीचा फ्लॅश डिफ्युझर लावून वापरा.

तिरपं_ऊन:
फ्लॅशबद्दल माझं मत वेगळं. समोरून मारला की पंखांची तांब्यासारखी चमक जाते आणि पांढरा डाग उरतो. मारायचाच तर बाजूने.

ट्रायपॉड इथे अडचणच. मोनोपॉड (एकपायी स्टँड) किंवा जमिनीवर टेकलेली कोपरं बरी.

चुकापान:
मादी हवी असेल तर दगड सोडा, चुक्याच्या प्रजातीतली (रुमेक्स) रानरोपं शोधा. ती जमिनीलगत हळू उडते, पानांवर चालते आणि एकेक पांढरट अंडं घालते. पानावर पारदर्शक खिडक्यांसारखे पट्टे दिसले तर पान हलकेच उलटून बघा: हिरवी अळी खालून पान खरवडते, वरचा पापुद्रा तसाच राहतो. पान तोडू नका.